एकाच अंगणातल्या दोन तामणी

अमळनेरला जुन्या गावठाणाला लागून असलेल्या एका प्लॉटवर 2012 साली बंगला उभा राहिला. मालक निवृत्त शिक्षक, सगळी गल्ली त्यांना आबा म्हणते. 2014 च्या पावसाळ्यात आबांनी फाटकाच्या दोन्ही अंगांना तामणीचं एकेक रोप लावलं. दोन्ही रोपं एकाच रोपवाटिकेतून एकाच दिवशी आणलेली, कमरेएवढ्या उंचीची. दोघींमध्ये पंधरा-सोळा फुटांचं अंतर. 2019 च्या आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, सुमाराला मी ती झाडं पाहिली तेव्हा उजवीकडची तामण बारा फुटांवर गेली होती आणि शेंड्याशेंड्याला जांभळे तुरे धरून उभी होती. डावीकडची पाच फुटांपुढे सरकलेली नव्हती. शेंड्याची पानं पिवळीफटक, जुन्या पानांच्या कडा करपून चुरचुरीत झालेल्या आणि पाच वर्षांत फूल असं एकही नाही.

बागकामात इतकी चोख तुलना क्वचित मिळते. दोन्ही झाडांना पूर्वेचं कोवळं ऊन आणि दुपारचं रणरणतं ऊन सारखंच, वारा तोच, माळी तोच, वयही तेच. खानदेशात तामण लावून हिरमुसलेली बरीच घरं मला माहीत आहेत आणि जवळजवळ प्रत्येक ठिकाणी ठपका उन्हावर ठेवला जातो. आबांच्या माळ्याचंही तेच म्हणणं होतं. "ऊनम्हा जयी गयं हाई झाड, भाऊ. कोकननं झाड शे, आठे नई टिकस." पण मग पंधरा फुटांवरची तिची बहीण त्याच उन्हात फुललेली कशी? या प्रश्नाला बगल देता येत नव्हती, म्हणूनच हे प्रकरण नीट लिहून ठेवतो आहे.

माळ्याचा अंदाज अगदीच निराधार नव्हता, हेही सांगायला हवं. तामण हे महाराष्ट्राचं राज्यफूल. तिचं खरं माहेर कोकणातल्या आणि घाटाखालच्या ओढ्या-नद्यांचे काठ. तिथे अडीच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, हवेत कायम ओल आणि माती आंबटसर. आपल्याकडे वर्षाला सहाशे-सातशे मिलिमीटर पाऊस पडला तर चांगलं वर्ष म्हणायचं. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा 45 च्या घरात जातो आणि दुपारी सुटणारा कोरडा वारा पानातली ओल शोषून घेतो. जंगलात पन्नास-साठ फूट जाणारं हे झाड आपल्याकडे पंधरा-वीस फुटांत आटोपतं. लहान अंगणासाठी ते चांगलंच, वरच्या तारांना आणि शेजारच्या गॅलरीला त्याचा त्रास होत नाही. माघ-फाल्गुनात पानं तांबूस होऊन गळतात, चैत्रात नवी पालवी फुटते आणि त्या पालवीच्याच टोकांना वैशाखात तुरे येतात. सहा पाकळ्या, प्रत्येक पाकळी चुरगळलेल्या रेशमी कापडासारखी, मधोमध पिवळ्या केसरांचा झुबका. आखाजीला झोके बांधले जातात त्याच दिवसांत हे झाड भरात असतं. माहेरवाशिणी घरी येतात तेव्हा दारात ते फुललेलं असावं, ही माईंची, म्हणजे आबांच्या पत्नीची, मूळ हौस होती.

आता आधीच्या पाच वर्षांत काय काय झालं होतं ते पाहू. डावीकडच्या झाडाची पानं दुसऱ्याच वर्षी पिवळी पडली. आबा एक पान घेऊन कृषी सेवा केंद्रात गेले. पिवळं पान म्हणजे नत्र कमी, असं ठरून युरिया सुरू झाला. मग 19:19:19 खत, मग कुठलंसं टॉनिक. झाड मधूनच दोन-चार कोंब फेकायचं, तेही पिवळेच. पाण्याची कसूर नव्हती, उलट हे झाड आजारी म्हणून त्याला रोज संध्याकाळी एक बादली जास्तीची मिळायची. दर चैत्रात माळी त्याची करपलेली टोकं छाटून त्याला 'साफ' करायचा. उजवीकडच्या झाडाकडे कोणी फारसं पाहत नसे. ते ठणठणीत होतं म्हणून ना त्याला युरिया, ना कात्री, ना रोजची बादली.

पहिला पुरावा पानांनीच दिला. डावीकडच्या झाडाची अगदी शेंड्याची, कोवळी पानं पाहिली तर पानाचं अंग पिवळं, जवळपास पांढुरकं, पण शिरा मात्र हिरव्या. पिवळ्या कागदावर बारीक हिरव्या पेनाने जाळी काढावी अशा. त्याच फांदीवर खाली येत गेलं की पानं हिरवी होत जात होती. नत्र कमी असतं तर हे चित्र नेमकं उलटं दिसलं असतं. नत्र झाडात फिरतं. कमी पडलं की झाड ते जुन्या पानांतून काढून नव्या पानांना देतं, त्यामुळे आधी खालची पानं पिवळी होतात, शिरांसकट. लोह मात्र एकदा पानात बसलं की तिथून सहसा हलत नाही. मुळांकडून नवं लोह येईनासं झालं की नव्या पानांवरच त्याचा मार बसतो. कोणतं पान पिवळं आहे आणि शिरा हिरव्या आहेत का, एवढं दुकानात विचारलं गेलं असतं तर आबांची तीन-चार वर्षं वाचली असती. खत सांगणाऱ्याने आधी हे दोन प्रश्न विचारायलाच हवेत, असं मला मनापासून वाटतं.

पण आपल्या काळ्या मातीत लोह कमी नसतं. बेसॉल्टपासून झालेली ही माती, तिच्यात लोह भरपूर. अडचण ते विरघळण्याची. मातीचा सामू, म्हणजे आम्ल-विम्लतेचा आकडा (pH), आठाच्या वर गेला आणि तिच्यात चुना मोकळा असला की लोह न विरघळणाऱ्या रूपात अडकून बसतं. मुळं त्याच्या अवतीभवती पसरलेली असूनही उपाशी राहतात. म्हणून पुढचा तपास मातीचा.

दोन्ही झाडांच्या आळ्यांत वीतभर खोल खणून मातीची ढेकळं काढली. उजवीकडची माती काळी, चिकट, मध्ये ज्वारीच्या दाण्याएवढे चुनखडीचे तुरळक खडे. आपल्या भागात हे असतातच. डावीकडची माती राखाडी-पांढुरकी, हातात भुसभुशीत आणि तिच्यात विटांचे तुकडे, सिमेंटचे पोपडे, चुन्याच्या गोळ्या. दोन्ही ढेकळं एका जुन्या ताटलीत ठेवून त्यांवर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचे थेंब टाकले. काळ्या ढेकळावर बारीक चरचर झाली आणि थांबली. राखाडी ढेकळावर सोडा वॉटर उघडल्यासारखा फेस आला, तो बराच वेळ फसफसत राहिला आणि ढेकूळ आपोआप विरघळू लागलं. आबा वाकून पाहत होते. कॉलेजात त्यांनी विज्ञान शिकवलेलं. आम्लाने चुना फसफसतो हे मला सांगावं लागलं नाही.

ज्यांच्याकडे आम्ल नाही त्यांनी लिंबाचा रस किंवा व्हिनेगर वापरलं तरी चालतं. फेस कमी येतो, पण चुना भरपूर असेल तर दिसतो. संडास साफ करायच्या द्रव्यातही हेच आम्ल असतं, पण ते तीव्र असतं आणि त्यात इतर रसायनंही असतात, त्यामुळे ते टाळलेलं बरं.

मग घराचा इतिहास निघाला. प्लॉट गावठाणाच्या कडेचा, म्हणजे वरच्या काळ्या थरात थोडीफार पांढरीही. पिढ्यान्‌पिढ्या पडलेल्या घरांची माती, राख आणि चुना त्यात मिसळलेला. पण हे दोन्ही झाडांना लागू होतं. फरक कुठे पडला ते आबांना आठवलं. बांधकाम चालू असताना गवंडी फाटकाच्या डाव्या कोपऱ्यातच माल कालवायचे. काम संपल्यावर उरलेला राबिट, म्हणजे विटा-चुना-सिमेंटचा चुरा, तिथेच पसरून वरून ट्रॉलीभर मुरूम टाकला होता. उजव्या कोपऱ्यात विटांचा थर रचलेला असायचा, तिथली मूळची काळी माती तशीच राहिली. डावीकडचं रोप लावताना खड्डा दीड फुटाचा केला, त्यात चांगलं शेणखतही घातलं होतं. पहिलं वर्ष रोप हिरवं राहिलं ते त्यामुळे. दुसऱ्या वर्षी मुळं खड्ड्याच्या बाहेर पडली आणि राबिटात शिरली.

दुसरी गोष्ट माईंनी सांगितली. घरात 2015 साली आरओ बसवला, त्याची निरुपयोगी पाण्याची नळी ओट्याखालून बाहेर काढून डाव्या झाडाच्या आळ्यात सोडली होती. पाणी वाया जाऊ नये, झाडाला मिळावं, हा हेतू. पाण्याची काटकसर म्हणजे काय हे खानदेशातल्या घराला शिकवावं लागत नाही, त्यामुळे ही नळी आळ्यात सोडलेली घरं आपल्याकडे खूप सापडतात. पण घरगुती आरओ एक लिटर गोड पाणी देताना साधारण दोन-तीन लिटर पाणी बाहेर टाकतो आणि बोअरच्या पाण्यातला जवळपास सगळा क्षार त्या बाहेरच्या पाण्यात जातो. पाण्यातला क्षार मोजणारा टीडीएस मीटर लावून पाहिलं तर बोअरच्या पाण्यापेक्षा नळीच्या पाण्याचा आकडा बराच वर होता. त्यात बायकार्बोनेट असतं. ते मुळांभोवती सामू वर ढकलतं आणि आधीच अडकलेलं लोह आणखी घट्ट अडकतं. आळ्याच्या कडेने मिठासारखी पांढरी कड उमटलेली होती, ती या पाण्याची. करपलेल्या पानांचा उलगडाही इथेच झाला. क्षार मुळांतून पानांच्या कडांपर्यंत पोहोचून साचतो आणि कडा जळतात. कोरड्या वाऱ्याने हे जळणं वाढतं, पण सुरुवात खालून झालेली असते.

रोजच्या बादलीचा हिशेबही आबांसमोर मांडला. आळं दोन मीटर रुंदीचं. त्यात दहा लिटर पाणी ओतलं तर पाण्याचा थर भरतो जेमतेम तीन मिलिमीटर. मे महिन्यात आपल्याकडे उघड्या पाण्याची वाफ दिवसाला बारा-पंधरा मिलिमीटर होते. म्हणजे बादलीतलं पाणी खाली उतरतच नाही, वरच्या दोन बोटांच्या मातीतून उडून जातं आणि त्यातला क्षार मात्र तिथेच राहतो. रोज थोडं पाणी म्हणजे रोज थोडा क्षार. पाच वर्षं असं चाललं होतं.

लोहाचा संशय पक्का करायला प्रयोगशाळेच्या आधी एक साधी चाचणी केली, जी कुणालाही घरी करता येते. लिटरभर पाण्यात पाच ग्रॅम हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, आणि ग्रॅमभर लिंबूसत्त्व विरघळवलं, शाम्पूचा एक थेंब टाकला. एका फांदीवरच्या चार पिवळ्या पानांच्या फक्त डाव्या अर्ध्या भागाला रंगाच्या ब्रशने हे पाणी संध्याकाळी लावलं आणि त्या फांदीला लाल दोरा बांधून ठेवला. माई रोज सकाळी ती पानं पाहायच्या. आठवडा उलटल्यावर त्यांचा फोन आला की ब्रशने जिथे जिथे नीट लागलं तिथे ठिपक्याठिपक्यांनी हिरवं उमटलं आहे, मधल्या शिरेच्या पलीकडचा अर्धा भाग तसाच पिवळा. याहून स्पष्ट उत्तर प्रयोगशाळाही देत नाही. जस्त किंवा मँगनीज कमी असतं तर हिराकस लावून पान असं हिरवं झालं नसतं. मातीचा अहवाल नंतर आला, त्यात डावीकडचा सामू साडेआठच्या जवळ आणि मोकळा चुना उजवीकडच्या दुपटीहून जास्त निघाला. अपेक्षेप्रमाणेच.

कारणं हाती आली तसे उपायांचे सल्लेही चारी बाजूंनी आले. कुणी म्हणालं जिप्सम टाका. जिप्सम चोपण जमिनीला उपयोगी, जिथे सोडियम जास्त झालेलं असतं. इथे कॅल्शियम उतू जात होतं, त्यात आणखी कॅल्शियम घालून सामू उतरणार नव्हता. कुणी म्हणालं गंधक टाकून माती आंबट करा. हे पुस्तकात बरोबर आहे, पण चुनखडीच्या मातीत त्याचा हिशेब एकदा करून पाहावा. शंभर किलो चुना मारायला बत्तीस किलो गंधक लागतं. एक घनमीटर माती म्हणजे तेराशे किलोच्या आसपास. तिच्यात दहा टक्के चुना धरला तर 130 किलो. त्याला चाळीस किलोंवर गंधक हवं, तेही फक्त एका घनमीटरला. मुळं पाच-सहा घनमीटर मातीत फिरत असणार. मूठमूठ गंधक आळ्यावर भुरभुरून सामू बदलेल ही आशा व्यर्थ आहे.

म्हणून सगळी माती बदलायचा विचार सोडून दिला. मुळांना थोड्या जागी तरी खाता येईल अशी सोय करायची ठरली. 2019 च्या मृगाच्या सुमाराला चार कामं झाली.

पहिलं काम आरओची नळी काढण्याचं. तिचं पाणी आता भांडी आणि फरशी धुवायला जातं. हे एवढं एकच काम केलं असतं तरी झाडाचं निम्मं दुखणं थांबलं असतं, असं मला अजूनही वाटतं.

दुसरं काम राबिटाचं. झाड उपटून माती बदलावी असा आबांचा आग्रह होता, पण पाच वर्षांच्या मुळांना मे-जूनमध्ये हात लावणं धोक्याचं. त्याऐवजी खोडापासून तीन-साडेतीन फुटांवर, चार दिशांना हातभर रुंद आणि दोन फूट खोल असे चार खड्डे घेतले. निघालेला राबिट बाहेर फेकला. त्यात नदीकाठचा पोयटा आणि चांगलं कुजलेलं शेणखत निम्मं-निम्मं, आणि दर खड्ड्यात पावशेर गंधक व मूठभर हिराकस शेणखतात कालवून भरलं. शेणखत कुजताना जी सेंद्रिय आम्लं तयार होतात ती लोहाला धरून ठेवतात आणि चुन्यापासून वाचवतात. इतक्या लहान जागेत गंधकही काम करू शकतं, कारण पोयट्यात चुना थोडा असतो. मुळं अशा जागा शोधून काढतात आणि तिथे पांढऱ्या तंतुमुळांची दाटी करतात. खड्डे घेताना जाड मुळं लागली तिथे खड्डा सरकवला, मूळ तोडलं नाही.

तिसरं काम तातडीच्या आरामाचं. चिलेटेड, म्हणजे मातीत अडकू नये असं बांधून ठेवलेलं, लोह द्यायचं, पण कोणतं याला फार महत्त्व आहे. बाजारात बहुतेक पुड्या ईडीटीएच्या मिळतात. त्या फवारणीला ठीक, पण सामू सातच्या वर गेला की मातीत ते लोह सोडून देतात आणि पैसे मातीत जातात. चुनखडीच्या जमिनीला ईडीडीएचए असं पाकिटावर लिहिलेलं चिलेट हवं. ते महाग असतं, गडद लालसर-तपकिरी असतं, पण सामू साडेआठ-नऊ असला तरी लोह सांभाळून ठेवतं. साधारण चाळीस ग्रॅम दोन बादल्या पाण्यात विरघळवून पहिला पाऊस झाल्यावर आळ्यात सगळीकडे ओतलं. उन्हात ते खराब होतं, म्हणून संध्याकाळी ओतलं आणि वर लगेच पाणी दिलं. जोडीला पंधरा दिवसांच्या अंतराने हिराकस आणि लिंबूसत्त्वाच्या दोन फवारण्या, त्याच पाच ग्रॅमच्या प्रमाणाने. याहून तीव्र केलं की कोवळी पानं डागाळतात. फवारणी फरशीवर पडली तर गंजाचे डाग कायमचे राहतात, म्हणून खाली गोणपाट अंथरावं.

चौथं काम पाण्याच्या सवयीचं आणि तेच सगळ्यांत अवघड गेलं. रोजची बादली बंद करायला माई तयार होईनात. उन्हाळ्यात झाड रोज तहानतं आणि आपण रोज पाणी पितो, मग त्याला का नको, हा त्यांचा प्रश्न. शेवटी एक लोखंडी सळई घेऊन रोजच्या पाण्याच्या आळ्यात खुपसून दाखवली. चार बोटं गेली आणि अडली, खाली दगडासारखी कोरडी माती. मग आळं मोठं करून एकदाच दोनशे लिटर पाणी सावकाश सोडलं. दुसऱ्या दिवशी तीच सळई दीड फूट सहज गेली. तेव्हापासून उन्हाळ्यात आठ-दहा दिवसांनी एकदा भरपूर आणि मध्ये काही नाही, असा नेम बसला. वरून चार बोटं आच्छादन, कपाशीच्या काड्यांचा चुरा, उसाचं पाचट, जे मिळेल ते. आच्छादन खोडाला टेकू द्यायचं नाही, वीतभर मोकळं ठेवायचं, नाही तर आपल्याकडे वाळवी थेट खोडावर चढते. काळ्या जमिनीला उन्हाळ्यात पडणाऱ्या भेगाही आच्छादनाखाली कमी होतात आणि भेगांत तुटणारी मुळं वाचतात.

2019 चा पावसाळा खानदेशात जोरदार झाला. आदल्या वर्षीच्या दुष्काळानंतर तो सगळ्यांनाच हवा होता, शेवटी शेवटी मात्र त्याने कपाशी-मक्याचं नुकसानही केलं. या झाडासाठी तो वरदान ठरला. पावसाच्या पाण्यात क्षार नसतो. आळ्यात साचलेलं मीठ त्याने खाली धुऊन नेलं. श्रावणात, कानबाईच्या सणाच्या सुमाराला, शेंड्याची पालवी पहिल्यांदा हिरवी आली. गणपतीत आबांनी फोटो पाठवला, त्यात नवं पान तळहातापेक्षा मोठं आणि गडद होतं.

तरी 2020 च्या वैशाखात फूल आलं नाही. आबा खट्टू झाले, पण याला कारण होतं. तामण फुलते ती त्याच हंगामातल्या नव्या फांदीच्या टोकाला. आधीच्या वर्षीची फांदी जोमदार असेल तरच तिच्यावर चैत्रात तुऱ्याला पेलेल अशी नवी फांदी फुटते. 2019 चं अर्धं वर्ष झाडाने मुळं आणि पानं सावरण्यात घालवलं. शिवाय कात्रीचा प्रश्न होता. चैत्रात टोकं छाटली की फुलांचीच टोकं छाटली जातात, आणि आधीची वर्षं नेमकं हेच होत आलं होतं. करपलेलं काढायचंच असेल तर ते माघ-फाल्गुनात, पानं गळून झाड झोपलेलं असताना. माळ्याला हे पटवायला उजवीकडच्या झाडाची एक फांदी पुरेशी झाली. तिच्या टोकाला, पानांच्या बेचक्यात, मोहरीएवढ्या कळ्यांचा घोस चैत्रातच दिसत होता. त्याने स्वतः बोटांनी चाचपून पाहिला आणि कात्री खिशात घातली.

2021 च्या मेमध्ये डाव्या झाडावर तीन तुरे आले. उंची सात फुटांवर गेली होती. फुलं उजव्या झाडापेक्षा फिकी आणि लहान. 2022 ला झाडाने अंग धरलं आणि आखाजीनंतर आठवड्याभरात सगळे शेंडे फुलले. आजही दोघींत फरक आहे. डावीकडची दोन-अडीच फुटांनी ठेंगणी आहे आणि एखाद्या पावसाळ्यात चिलेट द्यायचं राहिलं तर श्रावणाअखेर तिची नवी पालवी पुन्हा फिकुटते. राबिट जमिनीत आहे तोवर हे असंच चालणार. दर मृगात चाळीस ग्रॅम चिलेट आणि दोन टोपल्या शेणखत ही तिची आयुष्यभराची पथ्यं आहेत. आबांना मी ते तेव्हाच सांगितलं होतं आणि त्यांनी ते कॅलेंडरवर लिहून ठेवलं आहे.

मग उन्हाचा काहीच दोष नाही का? आहे, पण मर्यादित. पहिली दोन वर्षं रोपाला दक्षिण-पश्चिमेचं ऊन थेट खोडावर लागतं, साल तडकते आणि तिथून कीड शिरते. त्यासाठी खोडाला पहिले दोन उन्हाळे गोणपाट सैल गुंडाळावं. चुन्याचा हात देण्याची पद्धत आपल्याकडे आहे, पण चुनखडीच्या जमिनीत चुना आणखी मुळाशी उतरवू नये, म्हणून मी गोणपाटच सुचवतो. भर दुपारी पानं लोंबली तर घाबरून पाणी घालू नये, संध्याकाळी ती सावरतात का ते पाहावं. सावरली तर मुळाशी ओल आहे. फुलं मात्र उन्हामुळेच येतात. सावलीत लावलेली तामण पानांनी गच्च भरते आणि फुलत नाही. बंगल्याच्या उत्तरेला, दोन भिंतींच्या बोळात तामण लावू नये, इतकं मी ठामपणे सांगतो. बियांपासूनच्या रोपाला फुलायला चार-पाच वर्षं लागू शकतात, तेवढा धीरही हवा.

रोप घेताना एक खात्री करावी. काही रोपवाटिकांत झुडपासारखी लॅजरस्ट्रोमिया इंडिकाही तामण म्हणून विकली जाते. तिचं पान दोन-तीन बोटांएवढं, जवळजवळ देठाशिवाय फांदीला चिकटलेलं. तामणीचं पान वीतभर लांब होतं आणि त्याला आखूड पण स्पष्ट देठ असतो. ती दुसरी वाईट नाही, आठ-दहा फुटांतच भरपूर फुलते, कुंडीतही चालते. पण तामण हवी असेल तर तामण घ्यावी.

लावण्याआधी खड्ड्याच्या मातीवर आम्लाचा एक थेंब टाकावा. फेस थोडा असेल तर तीन फुटांचा खड्डा पोयटा-शेणखताने भरून तामण लावायला हरकत नाही. आबांच्या डाव्या कोपऱ्यासारखा फसफसणारा फेस आला तर मी तिथे तामण लावू देणार नाही. बहावा लावावा, तो अशा जमिनीत तग धरतो. सातपुड्यात तामणीचा भाऊबंद बोंडारा रानातच वाढतो. पांढरी बारीक फुलं, सोलून निघणारी साल, कमी पाण्यावर जगणारा. खानदेशातल्या अंगणात तो कुणी फारसा लावत नाही, याचं मला वाईट वाटतं. वन विभागाच्या रोपवाटिकेत पावसाळ्याच्या तोंडावर विचारलं तर कधी कधी रोपं मिळतात. आबांच्या घरामागे गाईचा गोठा होता ती जागा आता मोकळी झाली आहे, तिथल्या मातीची चाचणी झाली आहे आणि येत्या मृगात तिथे बोंडाऱ्याचं रोप लागेल.